दोरीवरची लेकरं

सटवाजीला बायकांच्या कामातलं काही म्हणजे काही येत नव्हतं, आणि याचा त्याला अभिमान होता. तहान लागली तरी तो माठाकडं बघून लेकीला, शालूला, हाक मारायचा. असा माणूस एकट्यानं वर्षभर घर चालवील असं कुणी म्हटलं असतं, तर त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं, तोंडाला पदर लावून हसून घेतलं असतं. पण ते दिवस हसण्याचे नव्हते.

सत्तेचाळीसचा पोळा झाला होता. तिकडं इंग्रज गेला आणि इकडं निजामाच्या मुलखात लोकांची झोप उडाली. आज या गावात लूट, उद्या त्या गावात जाळपोळ, अशा बातम्या येऊ लागल्या. सटवाजीच्या पुसेगावापासून वऱ्हाडची हद्द फार लांब नव्हती, आणि हद्दीपल्याड रिसोडजवळ गोजरबाईचा भाऊ राहत होता. गावातल्या बऱ्याच जणांनी बायालेकरं पलीकडं धाडली. सटवाजीनंही एके दिवशी बायको आणि तिन्ही लेकरं तांड्यावरच्या रतनसिंगाच्या हवाली केली. रतनसिंगाच्या बापजाद्यांनी बैलांवर मीठ वाहिलेलं, त्यामुळं आडवाटा त्याला तोंडपाठ होत्या.

थोरली शालू बारा वर्षांची, मधला रामकिशन आठाचा, धाकटा दगडोबा नुकता बोलू लागलेला. निघताना गोजरबाईला रडण्यातून बोलणं सुचेना, पण शालूनं बापाला सगळं घर समजावून सांगितलं.

"आबा, मिठाचं मडकं झाकून ठिवा, न्हाई तं पानी सुटतं. डाळीची उतरंड चुलीपसून लांब हाय, ती तितंच राहू द्या. आन् भाकरीचं पीठ लई सैल भिजवू नका."

"व्हय माय," सटवाजी म्हणाला. "तू जा बिनघोर. तुमी येस्तोवर घर हाय तसं ठिवतो." बोलून गेला, पण घर ठेवणं म्हणजे काय असतं हे त्या बिचाऱ्याला कुठं माहीत होतं?

गावच्या चावडीवर तेव्हा निजामाच्या पोलिसांचा एक नवा जमादार येऊन बसला होता. ज्याची माणसं हद्दीपार गेली तो फितूर, असा त्याचा सरळ हिशेब. अशा घराला तो सील ठोकायचा, आणि घरधन्याला हिंगोलीच्या तुरुंगात पाठवायचा. सील ठोकलेल्या घराचे आठ दिवसांत दार-वासेसुद्धा शिल्लक राहत नसत. गावाला सटवाजीचं सगळं ठाऊक होतं, पण गाव गप्प होतं. प्रश्न एकट्या जमादाराचा होता. तो रोज फेरीला निघायचा, आणि सटवाजीच्या अंगणाच्या कुडावरून आत नजर टाकून पुढं जायचा.

म्हणजे घर नांदतं दिसायला हवं होतं. सटवाजी पहाटे उठून अंगण झाडू लागला, सडा टाकू लागला. कुणी बघायच्या आत दारापुढं उकिडवा बसून रांगोळीही काढू लागला. पहिल्या दिवशी त्यानं चार रेघा ओढल्या त्या बघून शेजारच्या म्हाताऱ्या मंजुळाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सटवाजी, ही रांगोळी हाय का वावराचे धुरे-बांध?" त्यांचं कुणी उरलंच नव्हतं, म्हणून त्या गावात राहिल्या होत्या. मग त्यांनीच त्याला ठिपके मांडायला शिकवलं. या वयात तो गुडघे दुखवत शिकला.

आणि कपडे. नांदत्या घरात लेकरांचे कपडे वाळत असतात. गोजरबाईनं जाताना लेकरांचे जुने कपडे मागं ठेवले होते: शालूचा एक परकर आणि चोळी, रामकिशनचा सदरा, दगडोबाचं झबलं. सटवाजी ते रोज ओले करायचा, पिळायचा, आणि कुडावरून दिसतील असे दोरीवर टाकायचा. दुपारी काढून घड्या घालायचा. मळायला अंगात कुणी नव्हतंच, तरी शनिवारी रिठे लावून चोळायचा.

जमादाराच्या बुटांचा आवाज आला की सटवाजी मोठ्यानं म्हणायचा, "शालू, पानी आन गं." मग आपणच उठून पाणी घ्यायचा. "रामकिशन, सोडू नको त्या वासराला," असं दटावायचा, आणि गोठ्यात वासरू एकटंच त्याच्याकडं बघायचं. पहिले काही दिवस त्याला याचं हसू यायचं. पुढं पुढं मात्र बूट वाजले नाहीत तरी तो बोलायला लागला. जेवायला बसल्यावर कुणाशी तरी बोलल्याशिवाय घास उतरायचा नाही, आणि बोलून झालं की घर आणखीच रिकामं वाटायचं.

रतनसिंग दीड-दोन महिन्यांनी एखादी खेप करायचा. येताना निरोप आणायचा, पण त्याचा निरोप कायम एकच, "समदे खुशाल हायेत, सटवाजीभाऊ." लेकरं काय खातात, धाकटा काय बोलतो, शालूला करमतं का, असं सटवाजी खोदून खोदून विचारायचा. रतनसिंग बिडी विझवत म्हणायचा, "खुशाल म्हनलं ना." सटवाजीला त्याचा राग यायचा, पण वाटेवर जीव धोक्यात घालून येणाऱ्या माणसाला बोलणार काय?

एकदा वाटलं, आपणच जाऊन यावं. पण एक रात्र चूल पेटली नाही तरी जमादार दाराशी येणार. घर सोडलं तर घर जाणार, आणि घर गेलं तर लेकरं परत येणार कुठं? तो गेला नाही.

हिवाळा सरला, शिमगा झाला. एके दिवशी जमादार कुडापाशी थांबला. दोरीकडं बघत मिशीतल्या मिशीत हसला आणि म्हणाला, "क्यों सटवाजी, तुमारे बच्चे बढ़ते नैं क्या?"

सटवाजी काहीतरी हसल्यासारखं करून म्हणाला, "बढते हैं साब. नवे शिवायला टाकलेत." जमादार "अच्छा" म्हणून गेला, पण सटवाजीला ती अख्खी दुपार गोड लागली नाही. खरंच की. लेकरं वाढत असणार. इकडं त्याची लेकरं दोरीवर होती तेवढीच राहिली होती, आणि तिकडं खरी लेकरं त्याच्या डोळ्याआड मोठी होत होती.

तो मंजुळाबाईंकडं गेला. "मावशी, बारा वरसाची पोरगी सालभरात किती वाढती?"

"या वयात दिसामाशी वाढती बाबा," त्या म्हणाल्या. "बापाच्या खांद्याला लागंल आता."

सटवाजीनं गोजरबाईचं एक जुनं लुगडं काढलं आणि परकर शिवायला बसला. शिवण त्याला पोत्याची तेवढी माहीत, तीही दाभणानं. परकर पोत्यासारखाच झाला. पण लांबी ठरवताना त्यानं घाई केली नाही. भिंतीपाशी उभा राहिला, खांद्याला हात लावला, तिथं तिचं डोकं धरून कमरेचा अंदाज घेतला, आणि तिथून खाली कापड सोडून बघितलं. एवढी झाली असेल? सदरा आणि झबलंही त्यानं असंच अदमासानं वाढवलं. परकराला मात्र खाली चांगली दुमड ठेवली. मग त्याच्याच मनात आलं, दुमड कशाला, पुढच्या साली पोरगी लुगड्यात येणार. परत आली की आधी तिचं लग्न बघायचं. याच अंगणात मांडव घालायचा. एकुलती एक लेक, तिची पाठवणी आपल्या हातानं करायची. त्यापायीच तर हे अंगण आपण रोज झाडून राहिलो. हे मनात आल्यावर त्याला त्या दिवशी भाकरी गोड लागली.

भादव्यात हिंदी फौज आली आणि चार दिवसांत सगळं निवळलं. जमादार कुणालाही न सांगता चावडी सोडून गेला. गावात लोकांनी गूळ वाटला. सटवाजीनं घर सारवून घेतलं, भांडी राखेनं घासून फळीवर मांडली, आणि वाटेकडं डोळे लावून बसला.

आठवड्याभरात रतनसिंगाची गाडी आली. आधी गोजरबाई उतरली. रामकिशन उडी मारून उतरला, चांगलाच उंच झाला होता. दगडोबा आईच्या लुगड्यामागं दडला आणि तिथूनच "हे कोन हायेत?" असं विचारू लागला. सटवाजी गाडीत आत बघत राहिला. गाडीत बोचकी होती.

"शालू कुठाय?"

गोजरबाईची नजर दोरीवर गेली होती. धुतलेला लांब परकर वाळत होता. "हे कोनाचं?" तिनं विचारलं, आणि उत्तराआधीच तिला कळलं. ती तिथंच ओट्यावर बसली.

"वैशाखात उरकलं तिचं," ती खाली बघून म्हणाली. "पोरगी वाढली व्हती. परक्या गावात, लोकाच्या घरात किती दिस ठिवायची? भावानं चांगलं स्थळ आनलं. घर चांगलं हाय. शेती हाय."

"मला सांगितलं न्हाई," सटवाजी म्हणाला.

"रतनसिंगदादाला मीच शपथ घातली. तुमी ऐकून धावत आले आसते. वाटंत नाक्यावर धरलं आसतं तं काय केलं आसतं आमी? पोरीच्या लग्नापायी बाप घालवू का?"

रतनसिंग बैल सोडायच्या निमित्तानं गोठ्याकडं निघून गेला. गोजरबाईचं काही चुकलं होतं असं सटवाजीला म्हणता येईना. तो खरंच धावत गेला असता. त्यानं दोरीवरचा परकर काढला, घडी घातली आणि आत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं उठून त्यानं केरसुणी हातात घेतली. गोजरबाईनं ती हळूच काढून घेतली. "राहू द्या. मी हाय आता." सटवाजी बाजेवर जाऊन बसला. घरात पुन्हा आवाज होता, धूर होता, भांड्यांची आदळआपट होती. पण दगडोबाला तो अजून परका होता, आणि रिकाम्या घरात हाका मारून मारून त्याचा स्वतःचा आवाज त्याला नकोसा झाला होता. माणसांनी भरलेल्या घरात त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

दिवाळीला शालू माहेरी आली. तिचा दीर गाडीनं सोडून गेला. लुगडं नेसलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर. खांद्याला लागत होती, मंजुळाबाईंनी सांगितलं होतं तशी. चार दिवस ती आईपाशी चुलीपुढं बसून बोलायची, आणि सटवाजी ओट्यावरून कान देऊन ऐकायचा. जायच्या आदल्या दिवशी ती त्याला गूळपाणी द्यायला आली, तेव्हा त्यानं तिला जवळ बसवून घेतलं.

"तुजं लगीन कसं झालं, मला सांग."

शालू लाजली. मग तिनं सगळं सांगितलं. मांडव लहानच होता. वाजंत्री दोघंच होते, कारण सगळीकडंच लग्नांची गर्दी होती. लुगडं हिरवं होतं. जेवायला बुंदी होती. सटवाजी दुसऱ्याच्या घरचं काहीतरी ऐकावं तसा हं हं करत ऐकत राहिला.

"जाताना रडलीस?"

"व्हय. लई रडले."

"कोनाच्या गळ्यात पडून?"

शालूनं पदर पुढं ओढला. "मामाच्या," ती म्हणाली.

"बराबर केलं," सटवाजी म्हणाला. "कोनाच्या तरी पडावंच लागतं."

दुसऱ्या दिवशी दीर न्यायला आला. गोजरबाईनं लेकीची ओटी भरली. शालू सगळ्यांच्या पाया पडली, दगडोबाचा मुका घेतला. सटवाजी गाडीपाशी उभा होता. खांद्यावरचं उपरणं त्यानं नीट केलं, कारण आता ती त्याच्या गळ्यात पडून रडेल, आणि आपण तिच्या पाठीवरून हात फिरवायचा, असं त्यानं सकाळपासून मनात धरलं होतं. निदान एवढं तरी आपल्या वाट्याला येईल असं त्याला वाटत होतं.

शालू त्याच्या पाया पडली. उठली, पदर सावरला, आणि आभाळाकडं बघून दिराला म्हणाली, "चला लवकर, अंधार पडायच्या आत पोचाया पायजे. म्हैस माज्याशिवाय नीट पान्हवत न्हाई." मग बापाकडं वळून हसली. "येते आबा. तब्येतीला जपा."

रडायचं ते ती वैशाखातच रडून गेली होती. गाडी वेशीकडं निघाली, आणि सटवाजी तिच्यामागं वेशीपर्यंत चालत गेला.