हाकेला ओ

आमच्या साखर कारखान्यात हारिस शेख मेल्यानंतरही कामावर होता. हे मी भुताखेताचं सांगत नाहीये. मी कॉम्प्युटर विभागात आहे आणि असल्या गप्पा मारणाऱ्याला दारातूनच हाकलते.

हारिस माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. उसाच्या गाड्या वजनकाट्यावर बोलवायला पूर्वी एक माणूस दिवसभर माईकवर घसा फोडायचा. हारिसनं सगळे आकडे स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केले, प्रोग्रॅम लिहिला, आणि यार्डातल्या भोंग्यांतून त्याचा आवाज गाड्यांना हाका मारायला लागला. गाडीचं वजन झालं की तिची हाक थांबायची आणि पुढच्या गाडीची सुरू व्हायची. "लग्नात नवरीलाही असाच बोलावशील, नंबर लावून," असं मी त्याला चिडवायचे. लग्नाआधीच, भर पावसाळ्यात, काविळीनं तो गेला. हंगाम सुरू झाला तसा आवाज पुन्हा कामाला लागला. तो बंद करावा असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही.

त्याचे वडील, फक्रुद्दीनचाचा, यार्डाच्या फाटकाशी बैलांच्या टायरगाड्यांची पंक्चर काढतात. दिवसभर पोराचा आवाज त्यांच्या कानावर असायचा. त्याची आई, मेहताबचाची, अंथरुणाला खिळलेल्या. संध्याकाळी चाचा घरी गेले की त्या विचारायच्या, "आज काय बोलला?" मग चाचा सांगायचे, आज अमक्या गाडीला लई येळ बोलावलं, गाडीवान झोपला हुता. चहा पिता पिता चाचांनीच मला हे सांगितलं होतं, पोरगा परगावी नोकरीला असल्यासारखं.

हारिसचा प्रोग्रॅम ज्या मशीनवर चालायचा, तिला हात लावता येत नाही. एका सर्व्हरच्या पोटात अशा बऱ्याच व्हर्च्युअल मशिनी आहेत. आम्ही आपापल्या टेबलावरून रिमोट डेस्कटॉपनं त्यांच्यात शिरतो आणि काम झालं की बाहेर पडतो. रविवारी कंपनीच्या पुण्याच्या माणसानं मशिनी चालू ठेवूनच सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं, चहा घेतला, "सगळं ओके" म्हणाला आणि गाडीत बसला. सोमवारी एकाही मशीनमध्ये शिरता येईना. त्या माणसाचा उद्धार करत करत मी बाकीच्या उघडल्या. हारिसची उघडेना. ती पासवर्ड मागत होती.

तो कुणालाच ठाऊक नव्हता. हारिसनं माझ्या कॉम्प्युटरवर एकदा सेव्ह करून दिला होता आणि त्याच्या माघारी मी त्याच्याच नावानं आत-बाहेर करत होते. नव्या सॉफ्टवेअरनं तो सेव्ह केलेला पासवर्ड मानला नाही. इतके महिने आपण मेलेल्या माणसाच्या किल्लीनं दार उघडत होतो, हे मला तेव्हा कळलं.

मशीन आत चालूच होती. काट्याच्या मशीनशी तिचा संबंध तुटला होता, भोंग्यांशी मात्र शाबूत होता. त्यामुळे वजन झाल्याचं तिला कळेना आणि शेवटची गाडी ती बोलावतच राहिली.

"गाडी नंबर एकशे सत्तावीस, काट्यावर या."

एकशे सत्तावीस म्हणजे पाथर्डीकडच्या बिभीषणची गाडी. तो आणि त्याची बायको छबूबाई दरवर्षी ऊसतोडीला येतात. त्यांचं वजन केव्हाच झालं होतं आणि गाडी रिकामी उभी होती. हाक थांबेना. सोमवार गेला, मंगळवार उजाडला. बाकीच्या गाड्या वॉचमन ओरडून बोलावत होता आणि त्याच्या डोक्यावर हारिसचा तोच शांत, समजुतीचा आवाज एकट्या बिभीषणला बोलावत होता.

छबूबाई तरातरा ऑफिसात आली. "बाई, त्यो मेलेला मानूस हाय न्हवं? माझ्याच मालकाला का बोलावतोय? मी त्यांना सांगितलंय, तोंडातून शब्द काढायचा न्हाई. मेलेल्याच्या हाकंला ओ दिली की मानूस जातो त्याच्यामागं."

मी तिला नेटवर्क समजावायला गेले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि माझं मलाच ते पटेनासं झालं. दुपारपर्यंत गाडीवानांनी बैल भोंग्याखाली आणायचंच सोडलं.

आबासाहेब आमचे साहेब. त्यांनी सरळ भोंग्यांची वीज तोडायला लावली आणि मला म्हणाले, "ती मशीन मोडीत काढ. नवी लाव, नव्या आवाजाची." मी पुण्याला फोन लावला. तो माणूस म्हणाला, "मॅडम, डिस्कलाही तोच पासवर्ड आहे. एकदा बंद केली तर पुन्हा उघडणार नाही. विचार करा."

मी विचार केला नाही, पासवर्ड घालत बसले. चाचांचं नाव, चाचींचं, गावाचं, त्याच्या गाडीचा नंबर. शेवटी दार लोटून घेतलं आणि माझंही नाव घातलं. ते नव्हतं. त्याचं बरं वाटलं की वाईट, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तेवढ्यात चाचा जिना चढून आले. हाताला टायरचं काळं तसंच होतं.

"भोंगा का बंद केला, बेटा?"

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मग मीच म्हणाले, "चाचा, भोंगा एकदा लावते आणि आवाज मोबाईलमध्ये भरून देते. चाचींना ऐकवता येईल."

"त्ये नको. रेकॉर्ड गेलेल्या मानसाचं असतं. ह्यो कामावर हुता." ते स्क्रीनकडे बघत होते. तिथे हारिसचं नाव होतं आणि खाली रिकामी चौकट. "भोंगा बंद हाय, म्हंजी आता त्यो गप हाय का?"

खोटं बोलायला हवं होतं, पण जमलं नाही. "नाही चाचा. आत चालूच आहे. फक्त आपल्याला ऐकू येत नाही."

चाचा खुर्चीत बसले. म्हणाले, "म्हंजी पोरगं आत एकलंच हाका मारतंय. आन् कुनी ओ देईना." मग उठले. "एकदा भोंगा लाव. मी काट्यावर जातो. माझी ओ आइकली, की त्याला सोड."

"चाचा, पुन्हा उघडणार नाही."

"लई राबला, बेटा. सोड त्याला."

मी वीज जोडायला सांगितली. खिडकीतून काटा दिसतो. भर उन्हात चाचा यार्ड ओलांडून गेले, जिथे बैलगाडी उभी राहते तिथे लोखंडी पत्र्यावर चपला काढून उभे राहिले. गाडीवान लांबून बघत होते.

"गाडी नंबर एकशे सत्तावीस, काट्यावर या."

चाचांनी तोंड वर केलं, पण शब्द फुटेना. पुन्हा हाक आली, पुन्हा तेच. तेव्हा गर्दीतून बिभीषण निघाला. छबूबाईनं त्याचा सदरा धरला, तो त्यानं हळूच सोडवून घेतला आणि काट्यावर चढून चाचांच्या शेजारी उभा राहिला. "चाचा, नंबर माझा हाय," तो म्हणाला, हे मला मागून कळलं. मग मान वर करून असा ओरडला की माझ्या खिडकीची काच वाजली.

"ओ! आलो रं, हारिसभाऊ!"

"आलो, बेटा," चाचा म्हणाले. ओठांवरून मला कळलं.

मी स्क्रीनवरचं मशीन बंद करायचं बटण दाबलं. मी रडत होते.

"गाडी नंबर एकशे..." एवढं झालं आणि भोंगा गप्प झाला.

चाचा तसेच वर बघत उभे राहिले, उरलेल्या शब्दांची वाट बघत. मला खाली जावं लागलं. "चाचा, झालं," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, चपला पायात सरकवल्या आणि तिथेच थांबले.

"घरी गेल्यावर ती इचारंल, आज काय बोलला. काय सांगू?"

बिभीषण काट्यावरून उतरत होता. छबूबाई त्याला चाचपून बघत होती, आहे ना म्हणून.

"सांगा," तो म्हणाला, "हाक मारली आन् आमी गेल्तो म्हनावं."