डावी टाच आणि भिंतीतला खिळा

मित्रांनो, मी एक जुनी निळी गादी आहे. घाबरू नका, माझ्यात ढेकूण नाहीत. माझ्यावर आजवर कुणी सुखाने झोपलेलेच नाही; जो तो येतो आणि उंचावरून आदळतो. जिम्नॅस्टिक्सच्या सभागृहात मुलांची उडी संपते, तिथे माझी नोकरी सुरू होते. कारखान्यातून आले त्याच दिवशी वीस मुले माझ्यावर पडली. स्वागत म्हणतात ते हेच, असे मी समजले.

घसरू नये म्हणून मुले हातापायांना पांढरी पावडर चोळतात. त्यामुळे माझ्यावर पावलांचे ठसे उमटतात. शिकवणाऱ्या ताई रोज मला पुसतात. पण आधी चष्मा लावून ते ठसे पेपरासारखे वाचून काढतात.

नऊ वर्षांची एक मुलगी होती. सगळे तिला नाकतोडी म्हणत. गेल्या वर्षी तिचे पदक थोडक्यात हुकले होते. यंदा स्पर्धेला चार दिवस होते आणि तिच्या बाबांनी पदकासाठी भिंतीत खिळा आधीच ठोकून ठेवला होता.

त्या दिवशी ती माझ्यावर उतरली, हात वर करून गोड हसली. टाळ्या पडल्या. मला मात्र कळले, उजवे पाऊल पुरते टेकले, डाव्याची नुसती बोटे. पण गादीला विचारतो कोण?

ताई वाकल्या. "नाकतोडे, डावी टाच घरी विसरलीस का गं?"

"नाही दुखत, ताई."

"दुखतं का, असं मी विचारलंच नाही."

नाकतोडीने भोकाड पसरले. "बाबांनी खिळा ठोकलाय!"

बाबा बाकावरच होते, तिथे सांडलेल्या पावडरीत बसलेले. "अहो, एवढंतेवढं चालायचंच. आमच्या वेळी आम्ही..."

"मग दाखवाच उडी मारून. त्या बुटक्या ठोकळ्यावरून," ताई म्हणाल्या.

बाबांनी चपला काढल्या, उडी मारली आणि थेट बसले. माझ्यावर एकच भलामोठा गोल ठसा उमटला.

"लागलं का हो?" ताईंनी विचारले.

"छे छे, नाही दुखत!" बाबा कंबर धरून म्हणाले.

"बाबा, मीपण अस्संच म्हणते," नाकतोडी रडतारडता खुदकन हसली.

मग बापलेक एकमेकांचा हात धरून, लंगडत, डॉक्टरांकडे गेले.

स्पर्धा हुकली. नाकतोडी तीन महिने बाकावर बसून इतरांसाठी घसा फोडत राहिली. मग एका सकाळी ती उडाली, आणि माझ्यावर दोन पावले उमटली, टाचांसकट! ताईंनी त्या दिवशी मला पुसलेच नाही. खिळ्यावर सध्या बाबांचा कंबरदुखीचा पट्टा असतो म्हणे.

मित्रांनो, आता माझी शिवण उसवली आहे, कोपऱ्यातून फोम डोकावतो. मला टाके घाला, ऊन दाखवा. दुखले तर लाजू नका, सांगा. आणि मोठ्यांनो, मला खुशाल पुसा. पण आधी वाचा.