काचेतलं अळू

मित्रांनो, अळूवडी तुम्ही मिटक्या मारत खाता ना? त्याच अळूच्या खानदानातलं मी एक चिमुकलं रोप. माझं पान चिंचोक्याएवढं आणि शास्त्रीय नाव मात्र बुसेफलँड्रा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं कुणी हसलं तरी हरकत नाही. पण नखरे म्हणाल तर मोठ्या झाडालाही जमणार नाहीत एवढे माझ्याकडे आहेत.

माझे पूर्वज समुद्रापलीकडच्या रानात, ओढ्याकाठच्या ओल्या खडकांना बिलगून राहत. मी ते रान पाहिलेलं नाही. चाकणच्या कंपनीतल्या मोनिकाने आपल्या रोपाचा नखाएवढा तुकडा तिथेच कामाला असलेल्या मैत्रिणीला, स्वरूपाला दिला, तोच मी. स्वरूपाने मला दोऱ्याने दगडाला बांधलं, लोणच्याच्या काचेच्या बरणीत ओल्या शेवाळावर बसवलं, वर घट्ट झाकण लावलं आणि काळेवाडीतल्या आपल्या घरात, अंधाऱ्या कोपऱ्यात, एका छोट्या ट्यूबखाली ठेवलं. पुढे मोनिकाचं मूळ रोप सडून गेलं. आता त्या वंशाचा मी एकटाच उरलो होतो. स्वरूपा मला तळहातावरच्या फोडासारखं जपू लागली. माझी वाढ झाली की एक तुकडा परत देईन, असा शब्दही तिने मोनिकाला दिला होता.

अशात तिच्या सासूबाई, रुक्मिणीबाई, औशाहून कायमच्या राहायला आल्या. गावाकडे सगळं घर त्यांच्या शब्दावर हलायचं. इथे भाजी कुठली आणायची हेही त्यांना कुणी विचारत नव्हतं. दिवसभर त्या खिडकीशी बसून असायच्या. ते बघून स्वरूपा म्हणाली, "आई, मी नसताना याच्याकडे लक्ष द्याल? फक्त झाकण उघडू नका."

"न्हाई उघडत," त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा खुलला. मग त्या माझ्याशी गप्पा मारू लागल्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? त्याच दिवसांत मला पहिली कळी आली, तांदळाच्या कणीएवढी.

आणि तो गुरुवार उजाडला. गुरुवारी आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी असते आणि दुरुस्तीसाठी वीज जाते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. स्वरूपा नेमकी ओव्हरटाइमला गेली होती. ट्यूब विझली. रुक्मिणीबाईंचा जीव कळवळला. "अंधारात घाबरं झालं असंल लेकरू," असं म्हणत त्यांनी बरणी उचलली आणि गॅलरीत, तुळशीशेजारी, रणरणत्या उन्हात ठेवली. झाकण घट्ट लावलेलंच होतं. दिलेला शब्द त्या मोडणाऱ्या नव्हत्या.

काचेवर आधी थेंब जमले. मग आतली हवा तापत गेली, तापतच गेली. शेवाळातून वाफ निघू लागली आणि माझी पानं काचेसारखी पारदर्शक झाली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. झाडाचं दुखणं पानावर उमटतं, आणि तेही उशिरा.

वाळलेले कपडे काढायला आलेल्या रुक्मिणीबाईंचा हात बरणीला लागला आणि चटका बसला. पदरात धरून त्यांनी मला आत आणलं. हात झाकणावर गेला आणि तिथेच थांबला. उघडू नका म्हटलं होतं. त्यांनी फोन लावला, पण कंपनीत फोन गेटवरच जमा करतात. तो वाजत राहिला. त्या एकदा दाराकडे बघत, एकदा माझ्याकडे. माझा जीव त्यांच्या शब्दात अडकला होता.

मग त्यांनी झाकण फिरवलं. वाफ बाहेर आली, तिला शिजलेल्या भाजीचा वास होता. त्यांनी बरणीला ओलं फडकं गुंडाळलं.

संध्याकाळपर्यंत माझी पानं गळून त्यांचा लगदा झाला, कळीही गेली. ट्यूब विझली म्हणून झाड गेलं, असं त्यांना सांगता आलं असतं. पण बरणी मांडीवर घेऊन त्या दारातच बसून राहिल्या. स्वरूपा आली, तशा म्हणाल्या, "म्या उनात ठिवलं. झाकण बी म्याच उघडलं. तुझं झाड माझ्या हातनं गेलं."

स्वरूपाने बरणी आपल्याकडे घेतली. आता माझ्यावरून या घरात कायमची अढी पडणार, या धास्तीने मी अर्धमेला झालो. तिने नखाने माझं खोड दाबून पाहिलं.

"खोड घट्ट आहे, आई. तुम्ही झाकण उघडलंत म्हणून एवढं तरी वाचलं." ती पुढे म्हणाली, "उघडू नका एवढंच मी सांगितलं. ऊन का चालत नाही, ते सांगितलंच नाही." मग सासूच्या शेजारी उंबऱ्यातच बसून तिने सगळं समजावून सांगितलं. रुक्मिणीबाई डोळे पुसत ऐकत होत्या.

पुढे कित्येक दिवस मी नुसतं काळं खोड होतो. स्वरूपानेही आशा सोडली. रुक्मिणीबाईंनी नाही सोडली. एका सकाळी त्यांनी हाक मारली, "स्वरूपा, इकडं ये. हे हिरवं काय दिसतंय?"

"पान आहे, आई."

मित्रांनो, कुणाच्या हाती एखादा जीव सोपवाल, तेव्हा नुसता हुकूम देऊ नका, त्यामागचं कारणही सांगा. माया सगळ्यांकडे असते, पण कारण कळलं नाही तर तीच माया आमच्या जिवावर उठते.

अजूनही गुरुवारी वीज जाते. रुक्मिणीबाई माझ्याजवळ खुर्ची ओढून अंधारात बसतात. "यील लाईट," म्हणतात, आणि आम्ही दोघं वाट बघतो.