वन्संचा दगड

ही गोष्ट तिकिटं हाताने फाडून देत, तेव्हाची. त्या मत्स्यालयात एका बाईंना सगळेच वन्सं म्हणत. खरं तर त्या नणंद एकट्या वहिनीच्या. पण दोघी एकाच टाकीवर कामाला. दिवसभर "वन्सं, जाळी द्या", "वन्सं, पाणी मोजलंत का" ऐकून तिकीटवाल्यापासून साहेबांपर्यंत साऱ्यांनी तेच नाव उचललं. साहेबांनी हाक मारली की वन्सं म्हणायच्या, "म्हणजे तुम्ही माझ्या भावाची बायको झालात की हो! भांडी घासायला कधी येताय?"

वन्सं गेल्या, त्याला आता महिना होत आला होता. वहिनी रडली नव्हती. घरी नवरा भिंतीकडे तोंड करून पडे. ती भाजी चिरी, कपडे वाळत घाली, कामावर येई. कुणी खांद्यावर हात ठेवला, तर तो दुसऱ्याच कुणाच्या खांद्यावर ठेवल्यासारखा वाटे.

वन्सं शेवटच्या दुखण्याने इस्पितळात आणि वहिनी त्यांच्या उशाशी होती, त्याच आठवड्यात टाकीचं पाणी गार ठेवणारं यंत्र बंद पडलं होतं. कुणाच्या ध्यानात येईपर्यंत पाणी तापलं आणि मधला मोठा प्रवाळ पांढराफटक पडला. अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून वन्संनी तो टोपलीएवढा वाढवला होता. "हा दगड अगदी माझ्या भावासारखा," त्या म्हणत. "वाढतो, पण बोलेल तर शपथ!"

साहेब मनाने चांगले. म्हणाले, "मेला बिचारा. ब्लीचमध्ये घालून स्वच्छ करू, दारात काचेच्या पेटीत ठेवू. खाली वन्संचं नाव." सगळ्यांना पटलं. नवरासुद्धा म्हणाला, "बरं होईल. ताईचं नाव राहील." वहिनीने मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

दुपारी मागच्या खोलीत ब्लीचचा टब भरला. वहिनीने बाही वर केली, टाकीत हात घातला, प्रवाळ उचलला. तो बोटांवरून निसटला. बुळबुळीत होता.

मेलेला प्रवाळ दगडासारखा खरखरीत लागतो. ती तशीच कोपरापर्यंत पाण्यात उभी राहिली. वन्संनीच शिकवलं होतं तिला. प्रवाळ म्हणजे असंख्य इवले जीव. आपल्याच अंगातून चुना काढून पायाखाली घर बांधायचं, ते बांधत बांधत वर सरकायचं. खाली सगळा दगड, वर जिवंत मांसाचा पातळ थर. त्या मांसात शेवाळ राहतं. रंग त्याचा, आणि अन्नही बहुतेक त्याच्याच कमाईचं. पाणी तापलं की हे जीव शेवाळाला बाहेर काढतात. मग काचेसारख्या मांसातून खालचा पांढरा चुना दिसतो. "कमावता माणूस घराबाहेर गेला," वन्सं म्हणायच्या. "घरातले जिवंत आहेत, पण उपाशी."

सारं ठाऊक होतं तिला. महिनाभर समोरून जाता-येता एकदाही निरखून बघितलं नव्हतं.

"आणताय ना वहिनी?" साहेबांनी दारातून विचारलं. "नावाची पाटीपण आली बघा."

उचलून टबात ठेवलं की झालं. कुणी काही विचारणार नव्हतं, तिला काही सांगावं लागणार नव्हतं.

"बुळबुळीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"जिवंत आहे. खायला हवंय त्याला."

साहेब जवळ आले. "अहो, खडूसारखा पांढरा झालाय! जगेल?"

"सांगता येत नाही. बहुतेक नाही."

"मग हे कशाला? आणि पाटीचं काय करू?"

"कपाटात ठेवा."

"बरं," साहेब म्हणाले. "पण रोज भरवायचं तुम्ही. माझ्याकडे माणूस नाही."

टबातलं ब्लीच मोरीत ओतलं गेलं. हे जीव अंधारातच खातात, म्हणून वहिनीने टाकीवरचे दिवे मालवले; कण वाहून जाऊ नयेत म्हणून पंपही थांबवला. कोळंबीची बारीक पूड पाण्यात कालवली आणि नळीने एकेका जिवाच्या तोंडाशी सोडू लागली. बराच वेळ काहीच हललं नाही. मग कडेच्या काही जिवांनी केसासारखे बारीक हात बाहेर काढले, कण धरले आणि आत ओढले. मधला भाग तसाच राहिला.

"खातंय?" साहेबांनी विचारलं.

"कडेकडेने."

आता तरी काही वाटेल म्हणून ती थांबली. काही वाटलं नाही. बोटं गार पडली होती, पाठ भरून आली होती. पलीकडच्या बाजूला हात पोचत नव्हता, म्हणून तिने पायाने स्टूल ओढलं आणि त्यावर चढली.