साताची गोळी

"सात म्हणजे सात. पावणेसात नाही, साडेसात नाही," जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी चार वर्षांपूर्वी बजावलं होतं. "गोळी वेळेवर पोटात गेली तर तो चारचौघांसारखा कुत्रा. चुकली, तर झटका कधी येईल ते मी नाही सांगू शकणार."

तो आवाज कानात घेऊनच रफूवालीनं गोळ्यांची डबी मेजावर उपडी केली. रफूला आलेल्या कुणाच्या तरी करड्या कोटावर पांढऱ्या गोळ्या घरंगळल्या. तिनं बोटानं एकेक बाजूला सारली. नऊ. पुन्हा मोजल्या, तरी नऊच. काल जाताना तिनं दहा ठेवल्या होत्या. शुक्रवारची संध्याकाळची एक आणि आज शनिवारी सकाळची एक, अशा दोन जायला हव्या होत्या.

शेजारी वही उघडी होती. हिरव्या शाईत, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: संध्याकाळ सात, दिली. सकाळ सात, दिली. पुढे एक हसरा चेहराही काढलेला.

तिनं वाकून मेजाखाली पाहिलं, चटईच्या घड्या झटकल्या, पाण्याच्या भांड्यामागे हात घालून पाहिला. कुत्र्यानं थुंकलेली गोळी कुठे सापडली असती तर तिला बरंच वाटलं असतं. फौजदार तिच्या मागोमाग, काहीतरी मोठा तपास चालल्यासारखा, हुंगत हिंडत होता. दारात येणाऱ्या प्रत्येकाची, मग तो पाहुणा असो की टपालवाला, नाक लावून झडती घेतल्याशिवाय तो आत सोडत नसे. त्याचं नाव त्यावरूनच पडलं होतं.

त्याला सांभाळायला बोलावलेली मुलगी गोड होती, कुत्रे सांभाळण्याचं शिक्षण घेतलेली. एका रात्रीच्या चाचणीसाठी राहिली, दर दोन तासांनी फोटो पाठवत राहिली. फोनवर रफूवालीनं गोळीबद्दल विचारलं, तेव्हा पलीकडून हसूच आलं. काकू, तुम्ही फार टेन्शन घेता, एखादी इकडेतिकडे झाली म्हणून काय होतंय, असं ती म्हणाली. रफूवालीनं तिला रागावून काही म्हटलं नाही. बरं, एवढंच म्हणून फोन ठेवला.

त्याआधी कुत्र्यांच्या एका पाळणाघरानं झटक्यांचं ऐकून फाटक अर्ध्यातूनच लावून घेतलं होतं. शेजारीण आधी हो म्हणाली आणि मग दोन दिवस जिन्यात तोंड चुकवत राहिली.

आणि शस्त्रक्रिया तर बारा दिवसांवर आली होती. धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. हिची जुळली. "माझी घे की," असं ती तेव्हा वाटीभर साखर द्यावी तशी सहज म्हणून गेली होती. भावानं त्यावर बराच वेळ नुसता तिचा हात धरून ठेवला होता. त्यानंतर तारीख दोनदा पुढे गेली, कधी त्याचा ताप, कधी तिचा रक्तदाब. आता तिसऱ्यांदा हलवायची नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. भाऊ तिकडे, दुसऱ्या शहरात. तिला तीन आठवडे तरी राहावं लागणार होतं.

त्या दुपारी त्याचाच फोन आला. मुलीचं फिसकटल्याचं तिनं सांगितलं.

"अक्का, मग मी माझ्या केसपेपरवर लिहून घेतो," तो म्हणाला, "फौजदारसाहेबांनी रजा नाकारली."

ती हसली. पण वाक्याच्या मध्ये तो दम घ्यायला थांबला होता, तेवढंच तिच्या मनात राहिलं. फोन ठेवल्यावरही तिचा हात त्याच्यावर तसाच होता.

"मी राहिलो तर चालेल का?"

दारात घंटामामा उभे होते, फोनवरचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं असावं. करडा कोट त्यांचाच. कोपऱ्यावरच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं घंटा दिली. सगळ्या गल्लीची घड्याळं त्या टोलावर लावली जात. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि शाळेनं विजेची घंटा बसवली. ती जेवायला बसत नाही नि रजाही मागत नाही, असं मामाच सांगत, आणि सांगताना स्वतः हसत नसत. फौजदारानं त्यांच्या दोन्ही चपला, धोतरासारखी ढगळ विजार आणि खिसे तपासले. ते शिपायाला शोभेल असे ताठ उभे राहिले.

"कुत्रा कधी पाळलात, मामा?"

"नाही. कुत्र्यातलं मला कळत नाही," ते म्हणाले. "वेळेतलं कळतं."

दुसरा इलाज नव्हता म्हणा, की त्या उत्तरानं म्हणा, तिनं होकार दिला. मंगळवारी शेवटच्या तपासण्यांसाठी तिला जायचंच होतं, एका रात्रीचा मुक्काम. तेवढीच मामांची चाचणी. झटका आला तर काय करायचं ते तिनं त्यांना दोनदा सांगितलं: धरून ठेवायचं नाही, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, घड्याळ बघायचं, डॉक्टरीणबाईंना फोन लावायचा. मामांनी चारही गोष्टी तिला परत म्हणून दाखवल्या.

बुधवारी दुपारी ती परतली, तेव्हा फौजदार तिच्या अंगावर झेपावला आणि लगेच शिस्तीत पिशवी हुंगू लागला. मामा खिडकीजवळच्या स्टुलावर बसले होते. तिनं पाणीसुद्धा न पिता डबी उघडली. नवीन दहा मोजून ठेवल्या होत्या. आठ. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. मग तिनं वही उघडली. अक्षर मोठं, पाटीवर लिहिल्यासारखं.

मंगळवार संध्याकाळ. सातला द्यायची होती. सात चाळीसला दिली. बुधवार सकाळ. सातला दिली.

तिनं ते दोनदा वाचलं.

"डोळा लागला होता का, मामा?"

"नाही."

"घड्याळ बंद पडलं?"

"घड्याळ चालू होतं. सात वाजल्याचं मला कळलं होतं." मामा आपल्या पावलाकडे बघत होते. "तो दिवसभर दारात बसून होता, तुमची वाट बघत. जेवलाही नाही धड. साडेसहाला आला आणि माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपला. मला पाय काढवेना."

"चाळीस मिनिटं?"

"एकतीस वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडे झालं नाही, ताई. पण घंटा कधी पायावर झोपत नाही हो."

तिला हसू आलं नाही. झटका आला असता तर, हे ती मनात चाळीस वेळा म्हणाली असेल. चार वर्षं तिचा नेम होता: सकाळची गोळी त्याच्या पोटात गेल्याशिवाय ती सुई हातात धरत नसे. तापात पडलेली असतानाही तिनं तो मोडला नव्हता. आणि हा भला माणूस पाय हलवत नाही म्हणून...

मामांनी खिशातून किल्ली काढून मेजावर ठेवली.

"दुसरं कुणी बघा. तुमच्या जागी मी असतो तर माझ्यावर सोडलं नसतं."

ते उठले. ती डबीकडे बघत राहिली. आठ गोळ्या. किती गेल्या ते गोळ्यांनी सांगितलं होतं. कधी गेल्या, ते त्यांना ठाऊक नव्हतं. वहीत 'सात' असं लिहिलं असतं तर तिला या जन्मी कळलं नसतं. कुत्राही सांगायला येणार नव्हता.

तिच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक फाटलेलं कापड पुढे सरकवताना म्हणे, कसं झालं कळलंच नाही हो. शंभरात एखादंच म्हणायचं, मीच जाळलं, इस्त्री तशीच ठेवून फोनवर बोलत बसले. त्या एकाचं काम नेहमी सोपं जाई. जळलेला धागा कापडात कुठवर गेला आहे, ते शोधत बसावं लागत नसे.

"मामा."

ते उंबऱ्यात थांबले.

"परत पायावर झोपला तर?"

फौजदार दोघांच्या मध्ये बसून एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता.

"उठवीन," ते म्हणाले. "वाईट वाटेल. पण उठवीन."

तिनं किल्ली उचलली, त्यांच्या हातात दिली आणि त्यांची मूठ वरून मिटली.

"सोमवारी सकाळी सहाला या. माझी गाडी साडेसातची आहे. गोळी देऊन होईल, मग मी निघेन."

"बरोबर आहे," मामा म्हणाले. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय असं तिनं म्हटलं नव्हतं, तरी त्यांना ते ऐकू गेलं असावं.

सोमवारी ते सहाला दहा कमी असताना आले. रफू केलेला कोट अंगावर होता. झडती झाली. तिनं तोवर मेज आवरलं, सुया उशीत टोचून ठेवल्या, दोऱ्याची रिळं खणात लावली. तपासण्यांची फाइल आणि चार कपडे पिशवीत भरले. मग करायला काही उरलं नाही, तेव्हा ती खुर्चीवर बसली.

मामा खाली चटईवर मांडी घालून बसले होते. फौजदारानं आधी तिच्या पिशवीशी, मग तिच्या पायांशी, मग दाराशी चक्कर मारली. शेवटी उसासा टाकून तो मामांजवळ आडवा झाला. हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर. मामांनी हात कुठे ठेवावा हे न कळून तो हवेतच धरला, मग हळूच त्याच्या मानेवर ठेवला. कुत्र्याचे डोळे मिटले.

भिंतीवर सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. अजून चाळीस मिनिटं. तिकडे भाऊ उठून बसला असेल, तिच्या फोनची वाट बघत. आपण वाट बघत नाही असं दाखवत.

ती उठली. पिशवी खांद्याला लावली.

"साडेसातची ना तुमची?" मामांनी कुजबुजत विचारलं.

"पावणेसातचीही एक आहे," ती म्हणाली.

मामांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग बसल्या जागी पाठ सरळ केली.

तिनं चपला हातात घेतल्या, दाराची कडी आवाज न करता सरकवली आणि बाहेर आल्यावरच त्या पायात घातल्या. जिन्याच्या वळणावर ती क्षणभर थांबली, भावाला "निघाले" एवढंच कळवलं, आणि थांब्याच्या दिशेनं चालू लागली.