नखातली काळी रेघ

हातोडी बोटावर बसली नाही असा महिना सुताराच्या आयुष्यात जात नसे. त्यामुळे डाव्या अंगठ्याच्या नखात काळी रेघ उमटली तेव्हा त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"कधी लागलं हो?" बायकोने विचारलं.

"रोजचंच आहे. कोण लक्षात ठेवतंय."

नख वाढलं, कापलं, रेघ मात्र जागची हलेना, उलट रुंदावत गेली. बायको मागे लागली की तो म्हणायचा, "अगं, हे रंधा मारणाऱ्याचं नख आहे, नवरीचं नाही." मग तिलाही हसू यायचं. पुढे नख चिरलं. गल्लीतल्या डॉक्टरने बुरशी म्हणून मलम दिलं. एक ट्यूब संपली, दुसरी आणली.

नखाच्या मुळाशी कातडीच काळी पडली, तेव्हा बायको त्याला अक्षरशः ओढत त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी भिंगातून बराच वेळ नख पाहिलं आणि मग त्याची काख चाचपली. तिथे एक टणक गाठ होती. त्याला तिचा पत्ताच नव्हता.

"मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं," बाई म्हणाल्या. "हे सरकलेलं नाही. तुकडा काढून तपासायला हवा. गाठही तपासू."

तपासणीत मेलानोमा निघाला, त्वचेचा कॅन्सर. गाठीतही तोच होता. स्कॅनमध्ये फुफ्फुसांवरही डाग दिसले.

"अंगठा काढून टाकला तर?" त्याने विचारलं.

"आता तेवढ्याने भागणार नाही. औषधं आहेत. काहींना लागू पडतात."

"आणि आधी आलो असतो तर?"

बाईंनी औषधांची चिठ्ठी लिहायला घेतली. बायकोने नवऱ्याकडे पाहायचं टाळलं. आपण हसायला नको होतं, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

औषधं लागू पडली नाहीत. सुतार दुकानात नुसता बसून राहू लागला. पटाशी धरली की धाप लागे.

एकदा एक जण मुलीसाठी पलंग करून मागायला आला. सुताराने सवयीने लांबी-रुंदी विचारली, मग मध्येच थांबला आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या सुताराचा पत्ता दिला. त्या माणसाशी त्याचं जन्माचं वाकडं.

"त्याच्याकडे जा. हात चांगला आहे त्याचा."

बायको दारातच उभी होती. नवऱ्याच्या तोंडून त्या माणसाची स्तुती तिने कधी ऐकली नव्हती. ती तिथेच उंबऱ्यावर बसली. गिऱ्हाईक तिला ओलांडून कसंबसं बाहेर पडलं.