मुखपृष्ठावरची मावशी

"कविराज, मुखपृष्ठावर मावशीच टाकू! हातात पिशवी, मागे बदकांची रांग. पोरं उड्या मारतील!" फोनवर प्रकाशकाला नुसत्या उकळ्या फुटत होत्या. "आठवी आवृत्ती आहे, चेष्टा नाही!"

कविराजांची कळी खुलली. वय त्रेसष्ट, डोक्यावर मोजून चार केस, पण पोरांना हसवण्यात अजूनही कुणी त्यांचा हात धरू शकत नव्हतं. आणि त्यांची परीक्षक घरातच होती. कविता झाली रे झाली की ताईला वाचून दाखवायची. ताई हसली की पास, नाही हसली की केराची टोपली! 'बदकमावशी' ऐकताना तर ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती.

मावशी चालते डुलत डुलत,
हातात पिशवी झुलत झुलत;
तळ्यातलं बदक धावत आलं,
'आई, थांब ना!' म्हणू लागलं!

ही मावशी कोण, ते गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लहानपणी ताई धाकट्या भावाला, म्हणजे कविराजांनाच, कडेवर घेऊन जिना उतरताना पडली होती. भावाला खरचटलंसुद्धा नाही. तिच्या खुब्याचं हाड मात्र वाकडंच जुळलं, आणि चाल कायमची डुलती झाली.

बातमी कधी एकदा सांगतो असं कविराजांना झालं. पण ताई नुकतीच भाजीला बाहेर पडलेली. ते चपला अडकवून मागे धावले, आणि चक्रावलेच. बाजार शाळेवरून पाच मिनिटांवर, आणि ताई निघाली होती उलट्या दिशेला, लाँड्रीमागच्या चिखलातून!

"अगं ताई, इकडून कुठे? केवढा हा वळसा!"

ताई दचकली. "इकडे सावली असते रे."

आभाळ तर सकाळपासून भरलेलं.

"ताई, खरं सांग."

"शाळेची मधली सुट्टी झालीय," ती पुटपुटली. "पोरं मागे लागतात, क्वॅक क्वॅक करत. पोरंच ती, चालायचंच. एकदा घाईघाईत पडले, तेव्हापासून ही वाट धरली."

"कधीपासून?"

"तुझं पुस्तक आलं ना, त्याच वर्षीपासून."

बावीस वर्षं!

"मग तेव्हा हसलीस कशाला? मी विचारलं होतं तुला!"

"तीन वह्या प्रकाशकांकडून परत आल्या होत्या तुझ्या. किती आशेनं बघत होतास, छोट्या! म्हणून हसले. डोळ्यांतलं पाणी काय, हसतानाही येतं."

कविराजांनी तिथल्या तिथे फोन लावला. "ती कविता काढा."

"वेड लागलं का? तिच्यावरच तर पुस्तक खपतं!"

"काढा म्हणतो ना!" त्यांनी फोन ठेवला.

"उगीच रे," ताई म्हणाली. "पोरांना तोंडपाठ आहे. पुस्तकातून काढशील, पोरांच्या तोंडातून कशी काढणार?"

जन्मभर शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चल, आज शाळेवरूनच जाऊ," ते म्हणाले. "मी आहे ना."

ताई जरा घुटमळली, मग वळली. शाळेचं फाटक जवळ आलं, पोरांचा गलका वाढला. कविराज फाटकाच्या बाजूला झाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले होते, आणि रस्त्याकडेच्या फरशीच्या एकाच रेघेवर ती पावलं टाकत होती. सरळ, अगदी सरळ, जपून.